एक ढेकूळ मस्करीचं

कडोदऱ्याच्या हायवे चौकात सुकलालला कोणी पाठीमागून हाक मारली, तर तो वळायचा नाही. नवख्या माणसाला वाटे, काय हा माज. माज करण्यासारखं त्याच्याजवळ होतं काय? बारा तासांची पाळी, पत्र्याची एक खोली, बायको सुंदरा, मुलगी नूतन आणि बावीस इंची काळी सायकल, एवढाच पसारा. त्याला हाक ऐकू जात नव्हती, इतकंच. आणि ही गोष्ट त्यानं सुंदरेखेरीज साऱ्या जगापासून लपवून ठेवली होती.

अमळनेरकडचा हा गडी चौऱ्याऐंशी साली सुरतेला आला आणि रमणशेठच्या खात्यात साच्यावर उभा राहिला. साचा म्हणजे यंत्रमाग, आणि खातं म्हणजे साचे बसवलेलं लांबोळकं, कोंदट दालन. तिथे अठ्ठेचाळीस साचे एका छपराखाली चालत. आडवं सूत ओढत धोटा या टोकाहून त्या टोकाला जाऊन आपटतो, परत येऊन आपटतो, आणि हे मिनिटाला शंभरावर वेळा. त्या दणदणाटात नवा माणूस पहिले चार दिवस डोकं धरून बसतो. पाचव्या दिवशी त्याला सवय होते. सवय होते म्हणजे काय होतं, ते त्याला दहा वर्षांनी कळतं.

खात्यात कोणी बोलत नाही, नुसते ओठ हलवतो. समोरचा ते ओठ वाचतो. सुकलाल असे ओठ खानदेशी बोलीतले वाचायचा, हिंदीतले वाचायचा आणि शेठलोकांचे गुजरातीतलेही वाचायचा. पण माणूस पाठमोरा असला तर? तर त्याला रिकामी कांडी फेकून मारायची. कांडी म्हणजे धोट्यात सूत गुंडाळून बसवतात ती वीतभर लाकडी नळी. तिचाही खात्यात एक कायदा होता. एक कांडी लागली तर मस्करी, दोन लागल्या तर काम. सुतावरची नजर काढायची ती दुसऱ्या कांडीला. मस्करीच्या कांडीला वळून बघणारा कारागीर कच्चा समजला जाई, आणि मग त्याला दिवसभर कांड्या खाव्या लागत. सुकलालनं तेरा वर्षांत एकाही मस्करीच्या कांडीला वळून बघितलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. माणसाला कशाकशाचा अभिमान वाटू शकतो, ते बघा.

रविवारी खात्याला सुट्टी. बाकीचे कारागीर झोपा काढत, पत्ते कुटत, भाड्याच्या व्हिडिओवर सिनेमे बघत. सुकलाल सायकल बाहेर काढायचा. कडोदऱ्याच्या पूर्वेला सगळा मुलूख तव्यासारखा सपाट. चढ नाही, उतार नाही. उसाचे फड, केळी, मधूनच ज्वारी, आणि त्यातून गेलेले कालवे. खानदेशात ज्याला पाट म्हणतात त्याला इकडे नहेर म्हणतात. त्या पाटाच्या कडेनं मातीची वाट असते, बैलगाडीपुरती रुंद, कुठे कुठे तेवढीही नाही. त्या वाटेनं सुकलाल निघाला की बारडोलीपर्यंत जायचा आणि दिवस कलताना परत यायचा. कशासाठी, म्हणून कोणी विचारलं तर तो हसायचा.

कशासाठी ते सुंदरेला ठाऊक होतं. खात्याचा दणदणाट रविवारीही त्याच्या डोक्यात चालूच असायचा. पाटाच्या शांत वाटेवर तो हळूहळू कमी व्हायचा आणि मग कधीतरी कान मोकळे व्हायचे. पाटावर दर दोन-अडीच किलोमीटरला लोखंडी दरवाजा आहे, त्यातून पाणी खाली कोसळतं. तो आवाज आधी यायचा. सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या दरवाज्याशीच पाणी ऐकू यायचं. मग तिसऱ्या. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर तर तो पाचव्या दरवाज्यापर्यंत गेला तेव्हा कुठे पाण्याचा आवाज आला.

त्या वाटा त्याला किती पाठ होत्या याची एक गोष्ट कडोदऱ्यातली सगळी खानदेशी मंडळी सांगत. चौऱ्याण्णव साली प्लेग आला आणि अर्धी सुरत पळत सुटली. गाड्यांना लोक लोंबकळत होते. हायवेवरच्या गावांतले लोक सुरतेहून आलेल्या माणसाला विहिरीजवळ फिरकू देत नव्हते. तेव्हा सुकलालनं नूतनला पुढच्या दांड्यावर बसवलं, सुंदरेला मागच्या कॅरिअरवर, हँडलला पिठाचा डबा अडकवला, आणि एकाही गावात न शिरता, पाटापाटानं आणि बांधाबांधानं तीन दिवसांत नवापूर गाठलं. सुंदरा एकदाच पडली, आणि तीही झोप लागली म्हणून.

तर सत्त्याण्णवच्या दसऱ्याला सुंदरेनं हट्ट धरून त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कानात नळ्या घातल्या, यंत्र लावलं, आणि सरळ सांगून टाकलं. अर्धं ऐकणं गेलंय, ते परत येणार नाही. आज साचे सोडले तर उरलेलं अर्धं टिकेल. नाही सोडले तर दोन वर्षं धरा. सुकलाल डॉक्टरच्या ओठांकडे बघत होता. त्याला एकेक शब्द समजला.

साचे सोडायचे म्हणजे करायचं काय? गावी शेत नव्हतं. दुसरा हुन्नर अंगात नव्हता. सुरतेत माणसाला साच्यावर उभं राहायला कोणीही घेतं, खुर्चीवर बसायला कोणी बोलवत नाही.

आणि नेमका त्याच दिवाळीत रमणशेठचा मुलगा हिरेन अमेरिकेतल्या मामाकडे सहा महिने राहून परत आला. येताना सायकली घेऊन आला. जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या, एकवीस गिअरच्या. डोंगरात चालवायच्या म्हणे. आता सुरतेच्या आसपास डोंगर कुठून आणायचा? पण हौसेला मोल नसतं, त्यात शेठच्या मुलाच्या हौसेला. त्याच्या मित्रांनीही मुंबईहून तशाच सायकली मागवल्या. शहराच्या रस्त्यावर रिक्षांच्या गर्दीत त्यांना मजा येईना. हिरेन खात्यात येऊन विचारू लागला, की कच्चे रस्ते कोणाला माहीत आहेत. मुकादमानं सुकलालकडे बोट दाखवलं.

पहिल्याच फेरीत हिरेन खूश झाला. उसातून जाणारी वाट, पाटावरची सावली, उडणारे बगळे. "भाऊ, ये सब इधर ही था?" असं तो तीनदा म्हणाला. जन्म गेला त्याचा सुरतेत. त्याच्या बापाचं फार्म पलसाण्याकडे पाटाला लागूनच होतं. तिथं दहा सायकली ठेवायच्या, रविवारी मुंबई-अमदावादचे पाहुणे आणायचे, त्यांना या सपाट वाटांवरून फिरवायचं, असा बेत त्याच्या डोक्यात शिजला. त्याला एक कायमचा माणूस हवा होता. सायकली राखायला आणि पुढं राहून वाट दाखवायला.

"साचा छोड दो, भाऊ," तो सुकलालला म्हणाला. "उत्तरायण के बाद फार्म पे आ जाओ. रूम भी दूँगा. तब तक मेरे दोस्तों को दो-चार बार घुमा लाओ. उनको जम गया तो पप्पा ना नहीं बोलेंगे."

सुकलाल घरी आला तो नाचायचाच काय तो बाकी होता. सुंदरेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग सांगी द्या त्या पोऱ्याले. कान अधू शेतस म्हनीसन सांगाले कसानी लाज?"

"बहिऱ्याले कोन वाट दखाडाले ठेवी?" सुकलाल म्हणाला. "एकदाव तठे जाऊ दे. मंग सांगसू."

सुंदरेला ते पटलं नाही. पण तिलाही फार्मवरची ती खोली दिसत होती. तीही गप्प बसली.

आता लपवायचं कसं? पाठीमागं सात-आठ मुलं, हा पुढं. मागून कोणी ओरडलं तर? सुकलालनं डोकं चालवलं. पहिल्या रविवारी सगळी मुलं गोळा झाली तेव्हा त्यानं हसत हसत त्यांना खात्याचा कायदा सांगितला. आमच्यात मागून आवाज देत नाहीत. ढेकूळ मारायचं. एक मारलं तर मस्करी, दोन मारली तर काम. दोन लागली की मी थांबलोच समजा.

मुलांना ते इतकं आवडलं की विचारू नका. शिकली-सवरलेली, कॉलेजातली मुलं. एरवी कोणी पस्तिशीच्या माणसाला ढेकळं मारायची परवानगी देतं का? पाटाच्या कडेला मऊ, वाळलेल्या मातीची ढेकळं हवी तेवढी पडलेली. एकेक ढेकूळ येऊ लागलं. कधी पाठीवर, कधी मडगार्डवर. सुकलाल वळायचा नाही. नुसता डावा हात वर करायचा, म्हणजे मस्करी पोचली. मागं हशा पिकायचा, म्हणजे पिकत असावा. तीन रविवार हेच चाललं. त्या तीन रविवारांत दोन ढेकळं एकदाच आली. कोणाच्या तरी सायकलची साखळी उतरली होती. सुकलाल तत्काळ थांबला, साखळी बसवून दिली, आणि त्याला वाटलं, जमलं आपलं. घरी सुंदरा त्याच्या शर्टावरचे मातीचे डाग बघायची. बोलायची काही नाही, पण तो शर्ट धुताना दगडावर असा आपटायची की शेजारीण विचारायची, कोणावर राग काढतेस गं.

चौथी फेरी अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतल्या पहिल्या रविवारी निघाली. हुरड्याला सुरतेत पोंक म्हणतात, आणि थंडीत पोंक खाणं म्हणजे सुरती माणसाचा जीव की प्राण. पाटापलीकडच्या एका शेतकऱ्याला सुकलालनं आधीच सांगून ठेवलं होतं. पोंक, शेव, लिंबू, ताक. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, दहा दिवस उरले होते. ही फेरी नीट पार पडली की फार्मची जागा पक्की, असं हिरेननं स्वतः सांगितलं होतं.

मुलं सात होती. त्यात जिगर नावाचा एक, कतारगामच्या हिऱ्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. एकोणीस वर्षांचा, हसरा, सगळ्यांत चांगला नेमबाज.

वाटेत एक ठिकाण थोडं अवघड होतं. छोटा पाट मोठ्या पाटाला मिळतो तिथं पाण्यावर एक अरुंद फरशी टाकलेली आहे. तिला कठडा नाही, आणि खाली पुरुषभर खोल दगड लावलेला काठ. तिथं पोचण्याआधी सुकलालनं सगळ्यांना समोर उभं करून बजावलं, "सायकल से उतरके आने का. चलाने का नहीं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सुकलाल उतरला, सायकल हातात धरून पलीकडे गेला, आणि पुन्हा टांग मारून निघाला.

त्यानं तिथं थांबायला हवं होतं. सगळी पोरं पार होईपर्यंत उभं राहायला हवं होतं, आणि आधीच्या फेऱ्यांना तो राहिलाही होता. पण त्या आठवड्यात तीन दिवस वीज नव्हती, खातं बंद होतं, आणि त्याच्या कानांना नकळत विसावा मिळाला होता. फरशी ओलांडली आणि त्याला पुढच्या दरवाज्यातून पडणारं पाणी ऐकू आलं. कितीतरी वर्षांनी इतक्या लवकर. घर सोडून अजून तास झाला नव्हता. त्याला वाटलं, डॉक्टर खरं बोलला. साचे सुटले की कान राहतील. या आनंदात तो पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं पायडल मारत राहिला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत एक ढेकूळ बसलं.

त्यानं दुसऱ्याची वाट बघितली. दुसरं आलं नाही. म्हणजे मस्करी. त्यानं डावा हात वर केला आणि पुढं निघाला.

मागं काय झालं होतं ते त्याला नंतर कळलं. जिगर सायकलवरून उतरला नव्हता. फरशीवर मधोमध, एका हातानं हँडल धरून, त्यानं दुसऱ्या हातातलं ढेकूळ फेकलं. नेम बरोबर लागला. तोल गेला. तो खालच्या दगडांवर पडला आणि मांडीचं हाड मोडलं. सायकल पाण्यात गेली. सगळी पोरं ओरडायला लागली. हिरेन तर घसा फाटेस्तोवर ओरडला. ढेकूळ मारायचं कोणाला सुचलंच नाही. अशा वेळी माणूस ओरडतोच. आणि त्यांनी पाहिलं, की वाट दाखवणारा भाऊ हात वर करून, जणू निरोप घेतल्यासारखा, उसाच्या वळणाआड निघून गेला.

सुकलाल पोंकाच्या शेतावर पोचला. भट्टी लावा, पोरं आलीच, असं शेतकऱ्याला म्हणाला. पोरं फोटो काढायला नेहमी रेंगाळत, म्हणून पाव तास त्याला काही वाटलं नाही. अर्ध्या तासानं त्यानं सायकल वळवली. फरशीपाशी माणूस नव्हता. पाण्यात जाड टायरचं एक चाक वर आलेलं दिसत होतं.

खरं तर डांबरी रस्ता तिथून मागं, केळीच्या बागेपलीकडे, दहा मिनिटांवर होता. पण ते पोरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घाबरून जिगरला हातापायांना धरून उचललं आणि समोर दिसेल त्या बांधानं उसात घुसली. मोडलेली मांडी लोंबकळवत सव्वा-दीड तास हिंडली. ती मदतीसाठी हाका मारत होती, आणि त्यांना शोधणारा एकच माणूस त्या हाका ऐकू शकत नव्हता. सुकलालनं त्यांना शोधलं ते चिखलातल्या टायरच्या नक्षीवरून. एवढं होऊन दोघांनी आपल्या सायकली सोडल्या नव्हत्या, म्हणून नक्षी तरी सापडली.

जिगर पाचटावर पडला होता. चेहरा पांढराफटक. हिरेन रडत होता आणि सुकलालला बघून शिव्या देत होता. सुकलालनं शिव्या वाचल्या आणि कामाला लागला. दोन उसाची टिपरं आणि स्वतःचा शर्ट घेऊन त्यानं पाय घट्ट बांधला. धावत जाऊन उसाचा ट्रॅक्टर अडवला. तोडणीवाले नंदुरबारकडचे होते. आपल्या भाषेत चार शब्द बोलताच त्यांनी निम्मी ट्रॉली रिकामी केली. हॉस्पिटलपर्यंत जिगरचं डोकं सुकलालच्या मांडीवर होतं. ट्रॉलीच्या धडधडाटात पोराचे ओठ हलले. "भाऊ, मैंने ही मारा था. एक ही मारा था."

"मालूम है," सुकलाल म्हणाला, आणि त्यानं पोराच्या कपाळावरचा घाम पुसला.

हाड जुळवलं, पण नीट बसलं नाही. तसं लोंबकळवत आणायला नको होतं, असं डॉक्टर म्हणाले. पाय दीड इंच आखूड राहणार होता. जिगरचा बाप पाचव्या दिवशी रमणशेठच्या खात्यावर आला. माझ्या मुलाला कोणाच्या भरवशावर नेलं होतं, हे त्याला विचारायचं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

खात्याच्या टोकाला शेठची काचेची केबिन होती. आत रमणशेठ आणि हिरेन. जिगरचा बाप अजून खाली गाडीतून उतरत होता. सुकलालला बोलावलं होतं, म्हणून तो काचेबाहेर उभा होता. आजूबाजूला साचे दणदणत होते, आणि आतल्या दोघांचीही तोंडं त्याच्याकडे होती. काच लागलेली असली की बाहेरच्याला कळत नाही, असं शेठलोक धरून चालतात.

हिरेन बापाला सगळं सांगत होता. जिगर उतरला नाही, ढेकूळ मारताना त्यानं हात सोडला, आम्ही सगळेच मारत होतो. सगळं खरं सांगत होता, हे मान्य केलं पाहिजे. शेठनं दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. मग त्यानं विचारलं, तुम्ही एवढे ओरडलात तरी हा वळला कसा नाही? एवढ्या हाकांना न वळलेला माणूस बहिरा असणार, हे हिरेनला आता कळून चुकलं होतं. त्यानं कानाला बोट लावलं आणि मान हलवली. शेठचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "तो बस," त्याचे ओठ म्हणाले. "ढेफांनी वात अहीं ज दाटी दे." ढेकळांची गोष्ट इथंच पुरून टाक.

हिरेन बाहेर आला आणि सुकलालच्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द तोडत बोलला. "भाऊ, अंदर इतना ही बोलना, कि मुझे सुनाई नहीं देता, मैंने छुपाया. ढेले की बात नहीं निकालना. फार्म का तो अब नहीं होगा. पर काम रहेगा." त्याचे डोळे सुजलेले होते. त्याला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटण्यानं कोणाचं काही थांबत नाही.

जिगरचा बाप येऊन खुर्चीवर बसला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. रमणशेठनं विचारलं, "भाऊ, सच बोलना. तुमको सुनाई देता है?"

सुकलालला सांगता आलं असतं. जिगरनं स्वतः कबूल केलं होतं, आणि तो पोरगा बापासमोर नाही म्हणाला नसता. सुकलालच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्याला नूतनची शाळा दिसली, खोलीचा पत्रा दिसला. दुसऱ्या खात्यात गेलो तर आधी कान बघतील, आणि ही बातमी सगळ्या खात्यांत संध्याकाळच्या आत पोचेल, हेही दिसलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, लपवलं हे तर खरंच होतं ना? फरशीपाशी तो थांबला नाही, हेही खरं होतं. माणूस अर्धा गुन्हेगार असला की दुसरा अर्धा त्याच्या गळ्यात मारणं फार सोपं जातं.

"नहीं देता, शेठ," तो म्हणाला. "मैंने छुपाया."

जिगरचा बाप त्याच्याकडे बघत राहिला. मारेल असं वाटलं होतं, पण तो मारायला उठला नाही. त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलू लागले. सुकलालला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते त्यानं केलं नाही म्हणून पुढं कितीतरी दिवस त्याला चुकल्यासारखं होत राहिलं.

तो गेल्यावर शेठ मोकळेपणानं खुर्चीत रेलला. मुलानं दिलेला शब्द त्यानं पाळला, सुकलालला कामावरून काढलं नाही. पण साच्यावर मात्र आता ठेवता येणार नव्हतं, पोलिसबिलिस आले तर बहिरा माणूस यंत्रावर का, म्हणून विचारतील. म्हणून त्यानं दुसरी सोय केली. खात्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुताला पीळ देणारी नवी यंत्रं बसवली होती. ती किंचाळत. साच्यांचा दणदणाट त्यांच्यापुढं काहीच नव्हता. तिथं कानात बोळे कोंबून माणसं उभी राहत आणि दोन महिन्यांत पळून जात. नोव्हेंबरपासून चार गेले होते.

"तुम उधर खड़े रहो," शेठ म्हणाला. "तुमको क्या, तुमको तो सुनाई ही नहीं देता."

सुकलालनं मान हलवली. आपल्याला अजून अर्धं ऐकू येतं, असं आता कोणाला सांगायचं? नुकतंच तर तोंडानं कबूल केलं होतं. जाता जाता शेठ म्हणाला, की मुकादमाचा मेहुणा आनंदा फार्मवर जाईल, त्याला त्या वाटा एकदा दाखवून दे. सुकलालनं त्यालाही मान हलवली.

घरी आल्यावर त्यानं सुंदरेला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काचेआडचं सांगितलं, ट्रॉलीतलं सांगितलं, मागच्या शेडचंही सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि तिनं कधी नवऱ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"तुमनं तोंड कथा व्हतं?" ती ओरडली. "त्या पोऱ्यानी सोता सांगं ना, मीच मारं म्हनीसन? मंग तुम्ही काब्र गिळी लिनं? तेरा वरीस कान दिन्हात त्यासले, आते उरेल-सुरेल बी दी उनात! मी सांगी राहिंतू ना, आधी सांगी द्या म्हनीसन? मनं कोनी ऐकं? तुमले पाटनं पानी ऐकू येस, बायको ऐकू येत नही?"

ती बोलत राहिली. इतकी वर्षं दगडावर शर्ट आपटत आत ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. कडोदऱ्याची खोली, गावची माणसं, प्लेगातली ती सायकल, नूतनचं पुढं काय, सगळं. चाळीतले लोक दारात येऊन उभे राहिले. नूतन दप्तर घेऊन उंबऱ्यावरच थबकली. सुकलाल भिंतीला टेकून बसला होता. त्यानं खाली मान घातली होती, सुंदरेच्या ओठांकडे तो बघत नव्हता. तरी त्याला तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.

सोमवारी सकाळी सातला तो मागच्या शेडमध्ये उभा राहिला. डॉक्टरनं दोन वर्षं दिली होती. त्या यंत्रांनी ते काम होळीच्या आत केलं. त्यानंतर सुंदरा जे काही बोलली ते त्यानं तिच्या ओठांवर वाचलं. सुरुवातीला ती त्याच्यासमोर येऊन, तोंड नीट उघडून बोलायची. पुढं पुढं चुलीकडे तोंड करूनच बोलू लागली.